नव्यातून जुनं वजा

१

शुक्रवारी लाल असलेला डाग सोमवारी निळा होता.

पडद्यासमोर नवी उभी होती. तिच्या हातातल्या लेझरचा ठिपका नकाशाच्या उत्तर टोकावर नुसता थरथरत होता. तिथे लाल असायला हवं होतं. शुक्रवारी सराव झाला तेव्हा आम्ही सगळ्यांनी ते लाल पाहिलं होतं. आता तिथे निळं होतं, आणि लाल उठून दक्षिणेला जाऊन बसलं होतं.

भागीदार कंपनीच्या बाईंनी चष्मा कपाळावर चढवला. "या लाल डागाच्या मधोमध आपली एक विहीर आहे," त्या म्हणाल्या. "गेलं वर्षभर ती निव्वळ पाणी देतेय. तुमच्या नकाशात तिथं तेल आहे. तुमचं तेल फारच पातळ झालेलं दिसतंय."

नवी एवढंच म्हणाली, "हा माझा नकाशा नाही."

आमचं समुद्रातलं तेलक्षेत्र म्हातारं झालंय. आता विहिरींतून तेल कमी आणि पाणी जास्त येतं. विहिरी सिमेंटने बुजवून प्लॅटफॉर्म कापून न्यायचे, की आणखी एक विहीर खणून पाहायची, एवढाच प्रश्न उरला होता. उत्तर शोधायला या खेपेला समुद्राच्या तळावर शेकडो यंत्रं ठेवली होती. आम्ही त्यांना कान म्हणतो. वरून जहाजाने पाण्यात हवेचे धक्के द्यायचे आणि खालच्या खडकांवर आपटून परत येणारा आवाज या कानांनी ऐकायचा. असाच सर्व्हे फार वर्षांपूर्वी जुन्या पद्धतीने झाला होता. डॉक्टर दोन एक्स-रे शेजारी धरतो तसं जुनं आणि नवं चित्र धरायचं आणि एकातून दुसरं वजा करायचं. जिथे पाणी घुसलं तिथला खडक आधीपेक्षा कठीण झालेला दिसतो, तो निळा. जिथे पाणी पोचलंच नाही, नुसता दाब उतरून तेलातला वायू सुटला, तिथे तो मऊ झालेला दिसतो, तो लाल. लाल म्हणजे तेल अजून तिथेच बसलंय.

आणि आमचं लाल एका शनिवार-रविवारात जागा बदलून बसलं होतं.

साहेबांनी बाईंकडे उद्या सकाळपर्यंतची मुदत मागितली. बाई म्हणाल्या, "उद्या सकाळी. त्यानंतर क्षेत्र बंद करण्याच्या कागदावर मी सही करणार."

बाहेर पॅसेजमध्ये साहेबांनी मला बाजूला घेतलं. "एक तर या पोरीला वजाबाकी येत नाही, नाहीतर इथं कुठंतरी पाणी मुरतंय. पाणी मुरत नसेल तर उद्यापासून ती घरी. तू शोध. तू बाळंतपणाच्या रजेवर होतीस, गेल्या आठवड्यात आलीस. तुझा यात हात असणं शक्य नाही."

हात नव्हता, हे खरं. पण मागच्या रांगेत बसून तो निळा डाग पाहताना मला काय वाटलं ते साहेबांना कळलं असतं, तर हे काम त्यांनी दुसऱ्या कोणाला दिलं असतं.

मला आनंद झाला होता.

२

ती माझ्या जागी आली म्हणून तिला सगळे नवी म्हणू लागले, आणि परत आले तेव्हा मी आपोआप जुनी झाले होते. माझं टेबल तिच्याकडे होतं, माझी खिडकी तिच्याकडे होती. ती माझ्यापेक्षा वीतभर उंच, त्यामुळे माझी खुर्चीही तिने वर करून घेतली होती. एकदा ती जेवायला गेलेली असताना मी त्या खुर्चीत बसून पाहिलं. पाय जमिनीला टेकले नाहीत.

त्यात घरी नवऱ्याच्या तोंडी तिचं कौतुक. तो याच कार्यालयात प्रोसेसिंगला आहे. समुद्रातून आलेला कच्चा आवाज त्याचा सेक्शन स्वच्छ करतो, मग आम्ही त्यावर नकाशे काढतो. मी पोरीला पाजत बसलेली असायचे आणि हा सांगायचा, नवीने आज अमुक विचारलं, नवीच्या तमुक लक्षात आलं. मी तिला भेटण्याआधीच पाण्यात पाहायला लागले होते.

"बसा ना ताई," ती म्हणाली आणि उठायला लागली.

"नको. शुक्रवारनंतर फाइलला कोणी हात लावला?"

"शनिवारी बदललेली दिसतेय. पण लॉगिन सगळ्यांचं एकच आहे, तुम्हाला माहीतच आहे." माहीत होतं. सॉफ्टवेअरचे परवाने कमी, माणसं जास्त. "मी शनिवारी सकाळी एकदा बघून गेले. तेव्हा बरोबर होतं."

"तेव्हा बरोबर होतं, असं तूच म्हणतेस."

"हो. मीच म्हणतेय." तिने खाली पाहिलं. रडली असती तर मला बरं वाटलं असतं.

"आणखी कोण होतं?"

"खडककाका होते. साहेब येऊन गेले. प्रोसेसिंगचे दिवे लागलेले दिसले, पण मी आत गेले नाही."

सादरीकरणातला नकाशा थेट प्रोजेक्टमधल्या फाइलला जोडलेला असतो. फाइल बदलली की पडद्यावर नकाशा बदलतो. तिने ती फाइल उघडून दाखवली आणि नाव वाचून माझं डोकं फिरलं. ते मी दिलेलं नाव होतं, माझ्या आद्याक्षरांसकट. रजेवर जाण्याआधी नकाशाची सुरुवात मीच केली होती. ही बया माझी खुर्ची, माझी खिडकी घेऊन थांबली नव्हती. माझ्या नावावर बसून स्वतःचे नकाशे काढत होती.

शुक्रवारची छापील प्रत तिच्या फळीवर टाचलेली होती. उत्तरेला लाल, दक्षिणेला निळं, मधे प्लॅटफॉर्मच्या जागी पांढरा गोल. ती काढून मी पडद्याशेजारी धरली. आरशात पाहावं तसं जिथे लाल तिथे निळं, जिथे निळं तिथे लाल. तरी आजच्या नकाशात काहीतरी जास्तीचं वाटत होतं. काय, ते बोट ठेवून सांगता येईना.

तेवढ्यात मी घरी फोन लावला, दिवसातून चारदा लावते तसा. "खाल्लं का तिने?"

"खाल्लं गं बाई," सासूबाई म्हणाल्या. "मऊ भात खाल्ला, झोपली, उठली, हसली. तू कामाला गेलीस हे तिच्या लक्षात पण आलेलं नाही."

हे त्या मला बरं वाटावं म्हणून सांगतात.

एवढी चौकशी करायला कारणही होतं. आदल्याच दिवशी, रविवारी, नवऱ्याने आमच्या लेकीचं, ठमीचं वजन केलं. तिला कडेवर घेऊन काट्यावर चढायचं, मग तिला ठेवून चढायचं. त्याने बोटांवर हिशेब केला आणि गंभीर चेहऱ्याने म्हणाला, "मागच्या महिन्यापेक्षा उणे अर्धा किलो." माझ्या हातातला कप खाली पडला. "अगं, वाढली, वाढली," तो हसून म्हणाला. "आमच्या सेक्शनची सवय. आम्ही जुन्यातून नवं वजा करतो." सासूबाई त्याला म्हणाल्या, "आठ महिन्यांच्या पोरीला उणं करतोस, मेल्या."

फोन ठेवला तर नवी मागे उभी. "ताई, एक सांगू? शुक्रवारी सगळे टाळ्या वाजवत होते तेव्हा काका माझ्या कानाशी आले. म्हणाले, हा डाग टिकायचा नाही."

३

खडककाका आमचे सर्वात ज्येष्ठ भूशास्त्रज्ञ. टेबलावर कागदांपेक्षा दगड जास्त. उत्तरेच्या टोकात काही राहिलेलं नाही, हे त्यांनीच कैक वर्षांपूर्वी ठरवलं होतं, आणि त्यांच्या शब्दावर सगळ्यांनी ते टोक सोडून दिलं होतं. नवीचा लाल डाग म्हणजे त्यांच्या आयुष्यभराच्या शब्दावर मारलेली काट.

"ये," ते म्हणाले. "मला पकडायला आलीस ना? त्या अभ्रकावर तेवढी बसू नकोस."

"काका, हा डाग टिकायचा नाही असं तुम्ही का म्हणालात?"

"कारण मला तो टिकायला नको होता." त्यांनी एक गोटा उचलून दुसऱ्या हातात घेतला. "परवा परवा शाळेतून बाहेर पडलेली पोर येते आणि माझ्या नाकाखाली तेल दाखवते. मला ती का आवडेल? तुला आवडते?"

मी टेबलावरचा एक दगड उगाच सरळ करून ठेवला.

"तेच. पण हे शास्त्र आहे पोरी, सासर नाही. इथं न आवडणाऱ्या माणसाचं बरोबर असू शकतं." मग जरा थांबून म्हणाले, "आणि मला उलटवायचंच असतं तर मी काय केलं असतं, विचार."

"काय केलं असतं?"

"रंगपट्टी उलटी टाकली असती. एक बटण. लालचं निळं, निळ्याचं लाल. ते हिशेब-बिशेब मला येतात कुठं? मी अजून मोबाइल नातवाकडून लावून घेतो."

मी परत येऊन पाहिलं. रंगपट्टी सरळ होती, शुक्रवारी होती तशीच. नकाशाच्या पोटातले आकडेच उलटले होते. अधिकचं उणे, उण्याचं अधिक.

म्हणजे काका नाहीत. साहेब तर सहीपलीकडे संगणकाला हात लावत नाहीत, आणि क्षेत्र बंद पडलं तर सर्वात आधी त्यांचीच खुर्ची जाणार. आकड्यांशी खेळ येणारी, फाइल हाताशी असलेली, शनिवारी इथे आलेली एकच उरत होती.

पण तिनेच तिचा नकाशा का बुडवावा? मी कारणं शोधत बसले. घाबरून? शुक्रवारनंतर आपली काही चूक सापडली म्हणून? मला कारण सापडत नव्हतं आणि ते सापडावं अशी फार इच्छा होती. साहेबांच्या दारावर टकटक करून "तीच" एवढं म्हणायचं बाकी होतं. माझा हात दारावर गेलासुद्धा.

आतून साहेबांचा आवाज आला. ते फोनवर कोणाला तरी सांगत होते, "नवीला काढलं की जुनीच बसेल परत, काही अडचण नाही."

माझा हात दारावरच राहिला. जे ऐकायला आठवडाभर कान टवकारले होते ते ऐकू आलं, आणि त्यामुळेच टकटक करता येईना. माझा फायदा इतका उघडा पडलेला असताना माझ्या तर्कावर मीच कसा विश्वास ठेवू?

मी घरी गेले.

४

ठमी सासूबाईंच्या मांडीवर होती. मला पाहून हसली आणि पुन्हा त्यांच्या साडीचा पदर तोंडात घालून बसली. मी हात पुढे केले. ती आली, पण पदर सोडेना.

"टोपीला भोक पडलं होतं बघ, दुपारी बसून बुजवलं," सासूबाई म्हणाल्या.

ती टोपी मी विणलेली. पोटुशी असताना, उलट्या आवरत. भोक मीच बुजवणार होते, रविवारी, वेळ झाला असता तर. मी टोपी हातात घेऊन उलटसुलट करून पाहिली. लोकर वेगळी होती. टाकाही वेगळा. माझ्यापेक्षा चांगला, पण वेगळा. ज्याने टोपी विणली त्याने भोक बुजवलेलं नाही, हे लांबून कळत होतं.

आणि मला सकाळचं ते जास्तीचं काय होतं ते कळलं.

भोक. शुक्रवारच्या नकाशात प्लॅटफॉर्मच्या जागी पांढरा गोल होता. आजच्या नकाशात तो नव्हता, तिथे भडक रंग भरलेला होता.

जुन्या सर्व्हेच्या वेळी जहाज मागे कान जोडलेल्या लांबच लांब केबली ओढत फिरायचं. प्लॅटफॉर्मच्या जवळ ते जाऊच शकत नाही, केबली अडकतील. त्यामुळे जुन्या चित्रात प्लॅटफॉर्मखाली काहीच नाही, भोक आहे. नवे कान मात्र तळावर ठेवलेले, ते प्लॅटफॉर्मच्या पायाशीही ऐकतात. नव्यात माहिती आणि जुन्यात भोक, तर वजाबाकी करून येणारा आकडा निव्वळ थाप असते. म्हणून नवीने काळजीने ती जागा पुसून पांढरी ठेवली होती.

कोणी तिच्या तयार नकाशातले आकडे नुसते उलटवले असते तर पांढरं पांढरंच राहिलं असतं. शून्य कितीही उलटं करा, शून्यच. पण गोल भरला होता. म्हणजे तिच्या नकाशाला कोणी बोटही लावलेलं नव्हतं. मूळ जुना आणि मूळ नवा सर्व्हे घेऊन कोणीतरी वजाबाकीच पहिल्यापासून केली होती, आणि पांढरं ठेवायचं असतं हे त्याला ठाऊक नव्हतं. ते फक्त नकाशा काढणाऱ्याला ठाऊक असतं. आमच्याकडे असते ती जुन्या सर्व्हेची नक्कल, आणि तिच्यातली प्लॅटफॉर्मची जागा नवीने आधीच पुसलेली; मूळ प्रत आमच्याकडे नसतेच. ती असते प्रोसेसिंगला.

पहिला विचार काय आला ते सांगते. ती आणि तो. दोघं मिळून. शनिवारी लागलेले दिवे, आणि "मी आत गेले नाही."

नवरा आतल्या खोलीत वाळलेले कपडे घडी करत होता. मी दारात उभी राहिले.

"शनिवारी नवी तुमच्या सेक्शनला आली होती?"

"नाही," तो म्हणाला. मग, जरा उशिराने, "का?"

"तू तर होतास."

"होतो की. तुला सांगून गेलो होतो." तो ठमीचा एक मोजा घेऊन त्याचा जोडीदार शोधायला लागला. जोडीदार समोरच होता.

आम्ही नकाशे काढणारे नव्यातून जुनं वजा करतो. आधी काय होतं ते सोडून द्यायचं, आता काय बदललं ते पाहायचं. साऱ्या इमारतीत उलटी वजाबाकी करणारा सेक्शन एकच, आणि त्या सेक्शनच्या एका माणसाने काल माझ्या डोळ्यांदेखत माझ्या पोरीला उणं केलं होतं.

५

"तू का केलंस?"

त्याने मोजा खाली ठेवला. नाही म्हणाला नाही, एवढं त्याचं कौतुक.

"मुद्दाम नाही केलं."

"आकडे आपोआप उलटले?"

"आकडे उलटले हे मला आज सभागृहात कळलं." तो पलंगाच्या कडेला बसला. "तू रोज विचारायचीस. तिचा नकाशा माझ्यापेक्षा चांगला आहे का? रोज. पाजताना, जेवताना. मी काय सांगणार? चांगला होता. मग वाटलं, आवाज आणखी स्वच्छ करून त्याच्यावर एक नकाशा काढून ठेवतो. तुझ्या नावावर. तू परत बसलीस की तुझ्या फाइलमध्ये तिच्यापेक्षा सरस काहीतरी असेल. दोन महिने शनिवार घालवले."

"माझ्या फाइलमध्ये."

"तुझं नाव होतं ना त्या फाइलला. मला वाटलं तुझं जुनं अर्धवट काम तसंच पडलंय. तिनं तिचं वेगळ्या नावानं ठेवलं असणार. कोण दुसऱ्याच्या नावावर काम करतं?" त्याने माझ्याकडे पाहिलं. "तिनं नाव बदललंच नव्हतं?"

तिने नाव बदललं नव्हतं. इतक्या महिन्यांत कितीदा तरी तिने ती फाइल उघडली असेल, आणि प्रत्येक वेळी माझी आद्याक्षरं तशीच ठेवली. आणि मला वाटलं होतं की ती माझ्या नावावर बसली आहे.

"बरं," मी म्हटलं. "चूक झाली. सभागृहात कळली. मग तिथेच उठून का नाही बोललास? ती एकटी उभी होती. साहेब तिला घरी पाठवायला निघालेत."

बाहेर सासूबाई ठमीला काहीतरी म्हणून दाखवत होत्या.

"उठणार होतो," तो म्हणाला. "उठता उठता मागे वळून तुझ्याकडे पाहिलं. ठमी झाल्यापासून तुला इतकं खूश पाहिलंच नव्हतं. मग नाही उठलो."

अंधारात केलेली गोष्ट कोणी दिवा लावून दाखवावी तसं झालं. मला वाटत होतं मागच्या रांगेत मला कोणी पाहत नाहीये.

"उद्या तू सांगतोस की मी?"

"नोकरी जाईल माझी."

"नाहीतर तिची जाईल."

"तुला तेच हवं होतं ना?"

हवं होतं. अजूनही, आतून कुठूनतरी, थोडं हवंच होतं. मी गप्प बसले असते तर उद्या दुपारपर्यंत खुर्ची खाली करून तिच्यात बसले असते. पाय टेकले असते. फक्त पडद्यावर तोच उलटा नकाशा राहिला असता, बाईंनी सही केली असती, आणि तेलावर सिमेंट ओतलं गेलं असतं. खिडकी मिळाली असती, खिडकीतून बघायला काही उरलं नसतं. तेलही गेलं, तूपही गेलं.

"मला उत्तर हवंय," मी म्हटलं.

त्याने मोजा उचलला आणि समोरच्या जोडीदारात खोचला.

६

सकाळी सभागृहात सगळे तेच होते. नवी आपले कागद छातीशी धरून दाराजवळ उभी होती, आत बसायचं की नाही ते न कळल्यासारखी. नवरा प्रोसेसिंगच्या लोकांत, डोळे टेबलावर.

मी दोन्ही नकाशे शेजारी लावले.

"रंगपट्टी सरळ आहे," मी म्हटलं. "म्हणजे कोणी रंगांशी खेळलेलं नाही, आकडे उलटलेत. प्लॅटफॉर्मखालचा पांढरा गोल भरलाय. म्हणजे हिच्या तयार नकाशाला कोणी हात लावलेला नाही, तो स्वतः उलटवला असता तर गोल पांढराच राहिला असता. हा नकाशाच वेगळा आहे. मूळ सर्व्हे ज्याच्या हाताशी आहेत त्याने तो काढला आणि फाइलचं नाव तेच असल्यामुळे तो हिच्या नकाशावर बसला. हिच्याकडे जुन्या सर्व्हेची भोक पुसलेली नक्कल आहे, मूळ प्रत नाही. तिने ठरवलं असतं तरी तिला हे करता आलं नसतं."

दाराजवळ कागदांचा आवाज झाला.

"आणि उलटं का?" बाईंनी विचारलं.

"आम्ही नव्यातून जुनं वजा करतो. काही जण जुन्यातून नवं. दोन्ही बरोबर असतं, कोणत्या बाजूने मोजलं ते सांगितलं तर."

"काही जण कोण?" साहेब म्हणाले.

माझं तोंड उघडलं होतं. त्याचं नाव घ्यायला माझी जीभ तयार होती की नाही ते मला कधीच कळणार नाही, कारण खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"मी," नवरा म्हणाला. "माझ्या बायकोसाठी केलं. हिला माहीत नव्हतं. आणि काल कळूनही मी गप्प बसलो, ते मात्र मुद्दाम."

खडककाकांनी खिशातला गोटा टेबलावर ठेवला. तो फार मोठ्याने वाजला.

बाईंनी चष्मा पुन्हा कपाळावर चढवला. "तुमच्या घरातलं तुम्ही घरी बघा. मला एवढं सांगा, तुम्ही काढलेला नकाशा सरळ केला तर काय दिसतं?"

नवऱ्याने साहेबांकडे पाहिलं. साहेबांनी नवीकडे पाहिलं. नवी पुढे आली, माझ्या शेजारून संगणकाशी बसली, आकडे फिरवले, आणि सवयीने आधी प्लॅटफॉर्मची जागा पुसून पांढरी केली. मग पडद्यावर उत्तरेचं टोक लाल झालं. तिच्या नकाशात तो एक डाग होता. इथे त्याचे दोन झालेले होते, मधे बारीक भेग.

"प्रस्तरभंग आहे," ती हळूच म्हणाली. खडकातली चीर. "माझ्यात दिसत नव्हता. ताई, आपण विहीर इथं मारणार होतो. बरोबर चिरेवर. कोरडी गेली असती."

"मग कुठे?" मी विचारलं.

"तुम्ही सांगा."

"तू सांग."

तिने लेझर उचलला. या वेळी ठिपका थरथरला नाही.

बाईंनी चष्मा डोळ्यांवर उतरवला. "एक विहीर," त्या म्हणाल्या. "एकच. आणि भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा कशातून काय वजा करायचं ते."

नवऱ्याची नोकरी गेली नाही. साहेबांनी त्याला प्रोसेसिंगमधून काढून सर्व्हेच्या जहाजावर पाठवलं, पुढचा सगळा हंगाम. "समुद्रावर कोणाच्या फाइलवर कोणाची फाइल बसत नाही," ते म्हणाले.

दुपारी नवी माझ्याकडे आली. खुर्ची ढकलत आणली होती. "ताई, ही तुमची. खाली करून देऊ?"

"राहू दे. मला दुसरी मागवलीय." मग मी म्हटलं, "फाइलचं नाव बदल आता. तुझं घाल."

"दोघींचं घालते."

ते मला आवडलं असं नाही. पण नको असंही म्हटलं नाही.

७

हंगाम संपवून तो परत आला तेव्हा विहीर लागून गेली होती. तेल आलं, पाण्यावाचून आलं, आणि काकांनी सगळ्यांना पेढे वाटतात तसे एकेक दगड वाटले. नवीने ही बातमी आधी मला कळवली आणि मग साहेबांना. त्याला जहाजावर कळली ती तिसऱ्या माणसाकडून.

दारात बॅग ठेवून त्याने हात पसरले. ठमी चालायला लागली होती. तिने त्याच्याकडे पाहिलं, त्याच्या दाढीकडे पाहिलं, आणि दुडुदुडु जाऊन सासूबाईंच्या मागे लपली.

"ओळखत नाही ही मला," तो म्हणाला. चेहरा असा झाला की मला तो ओळखीचा वाटला. माझाच होता.

"ओळखेल. इतके महिने बाहेर राहिलं की आपल्या जागेवर कोणीतरी बसतंच."

"कोण बसलंय?"

"आई. आणि टोपीपण नवी विणलीय त्यांनी." सासूबाई ऐकून न ऐकल्यासारखं करत होत्या.

संध्याकाळी रडारड करून का होईना, ती त्याच्या कडेवर गेली. त्याने काटा ओढून घेतला. तिला घेऊन चढला, तिला माझ्याकडे देऊन चढला. मग बोटं मोजत उभा राहिला, नेहमीपेक्षा जास्त वेळ. ठमी माझ्या खांद्यावरून त्याच्याकडे टक लावून बघत होती.

"किती?" मी विचारलं.

"थांब," तो म्हणाला. "आधी सांग, कशातून काय वजा करू?"